महाजनांच्या यादीत लेकीचे नाव कधी?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोवा हा देशातला सर्वांत मोकळ्या मनाचा प्रांत आहे, असे आपण अभिमानाने सांगतो आणि आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरातही हा सूर वरचेवर उमटतो. त्यात खोटे काहीच नाही. इथे बाई कदंबच्या शेवटच्या बसने एकटी घरी येते, चवथीला नेवऱ्यांचे ताट ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जाते आणि नाताळात दोदोलाची बशी त्याच्याकडून येते, कोणी काय खावे, काय प्यावे, काय नेसावे यावर कोणी फारसे बोलत नाही. तरीही माझे सारे आयुष्य फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या सावलीत गेले आहे, आणि तिथे राहून लेकींच्या हक्कांबाबत मला जे दिसले ते या अभिमानाशी जुळत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपला कौटुंबिक कायदा चांगला आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून तो आला. तिच्यातला वारसाहक्काचा भाग आता राज्याच्या स्वतःच्या कायद्यात आला असला, तरी गाभा तोच आहे. लग्नानंतर नवराबायको एकमेकांच्या मालमत्तेचे अर्धे वाटेकरी होतात, नवरा गेल्यावर बाईचा अर्धा वाटा तिचाच राहतो, आणि मृत्युपत्र करूनही बाप मुलांना पूर्णपणे वगळू शकत नाही, कारण निम्मी मालमत्ता मुलगा-मुलगी असा भेद न करता मुलांसाठी राखलेली असते. देशातल्या बहुतेक राज्यांतल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क मिळण्यासाठी २००५ च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. आमच्या आज्यांना तो कागदावर त्याच्या कितीतरी आधी मिळाला होता.

आता कागदाबाहेर काय घडते ते सांगते. बाप हयात असताना त्याच्या वारशावरचा हक्क सोडून देता येत नाही, त्यामुळे हा विषय घरात निघतो तो बाराव्या-तेराव्यानंतर. माझे वडील गेले तेव्हा आम्ही तिघी बहिणी आणि एक भाऊ होतो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी आम्हाला माजघरात बसवून अगदी मायेने सांगितले की, तुमची लग्ने थाटात झाली, आता घर आणि भाट, म्हणजे नारळीची बाग, भावाच्या नावावर होऊ दे, माहेरचे दार तुम्हाला उघडेच आहे. महिन्याभराने आम्ही तिघी आपापल्या नवऱ्यांसह नोटरीच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाकावर आमच्यासारख्याच आणखी दोन बहिणी बसल्या होत्या. थोरल्या बहिणीची सही लपेटीची होती. त्या दिवशी ती तिने तीनदा गिरवली, कारण हात थरथरत होता. मी शिक्षिका होते, वर्गात मुलींना कायद्याने त्यांचे काय आहे ते शिकवत होते, आणि तरीही मी सही केली. भाऊ वाईट नव्हता आणि आजही नाही. पण कचेरीतल्या कोणीही आम्हाला क्षणभर बाजूला घेऊन विचारले नाही की, बाई, हे तुमच्या मनाने आहे ना? विचारले असते तर थोरलीने काय सांगितले असते, हा प्रश्न इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेला नाही.

हा हक्कत्याग बेकायदेशीर नाही, आणि म्हणूनच तो रोखणे कठीण आहे. कायदा जितका उदार, तितक्याच शिताफीने समाज त्याला वळसा घालतो. खुद्द कायद्यातही जुन्या रूढींसाठी वाट ठेवलेली होती, हे अनेकांना ठाऊक नसते. गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींसाठी १८८० मध्ये जे फर्मान निघाले, त्यात पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झाले नाही किंवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरे लग्न करण्याची मुभा होती. व्यवहारात ते कलम केव्हाच मागे पडले. मात्र ज्या घरात सून तिसाव्या वर्षाकडे सरकते आणि सासू नवस बोलू लागते, त्या घरात त्या कलमामागची समजूत अजून जिवंत आहे.

देवस्थानांभोवती जगणाऱ्या या समाजांना मागासलेले म्हणून मोडीत काढावे, असे माझे म्हणणे नाही, कारण मी त्यांच्यातलीच आहे आणि त्यांचा बंदिस्तपणा कुठून आला ते मला माहीत आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतली देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. फोंडा महाल तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. तो त्यांच्याकडे आला १७६३ मध्ये. इकडे १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, कायमचे बंद झाले ते १८१२ मध्ये. अडीचशे वर्षे ज्यांचे गाव, शेत आणि देव असे तुटत राहिले, त्यांनी कोण आपला आणि कोण परका याची नोंद घट्ट धरून ठेवली, यात नवल नाही. देव कोणत्या घराण्यांचा, पालखीला खांदा कोणाचा, पहिला कौल कोणाचा, हे सारे पाठ ठेवले म्हणूनच आजची देवस्थाने उभी आहेत. पणजीतल्या सभांतून या गोष्टींची जी थट्टा होते, ती मला सहन होत नाही.

परंतु ती नोंद ज्या धोक्यापासून रक्षण करण्यासाठी होती, तो धोका आता उरलेला नाही. गोवा मुक्त झाला त्या १९ डिसेंबर १९६१ नंतर तर मुळीच नाही. आज ती यादी कोणाला बाहेर ठेवते? आपल्याच घरातल्या मुलींना. देवस्थानांचा कारभार १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीप्रमाणे चालतो. मामलेदार हा देवालयांचा प्रशासक असतो, दर तीन वर्षांनी समितीची निवडणूक होते, आणि मत देतात ते महाजन, म्हणजे त्या घराण्यांतले पुरुष. मुलगा सज्ञान झाला की त्याचे नाव यादीत जाते. मुलगी देवळाच्या अंगणात रांगोळी काढते, जत्रेच्या स्वयंपाकाला चार दिवस राबते, देणगीच्या पावत्या फाडते, पण तिचे नाव त्या यादीत येत नाही. गावच्या कोमुनिदादीची, म्हणजे सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेची, गोष्ट वेगळी नाही. बहुतेक ठिकाणी जोण, म्हणजे तिच्या उत्पन्नातला वाटा, मिळतो तो गांवकाराच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यातल्या सदस्याच्या, पुरुष वंशजांनाच. ज्या प्रांतात शशिकलाताई काकोडकर १९७३ मध्ये मुख्यमंत्री झाल्या, त्या प्रांतात त्यांच्यानंतर दुसरी स्त्री त्या पदावर आलेली नाही आणि २०२२ च्या निवडणुकीत ४० जणांच्या विधानसभेत फक्त ३ स्त्रिया निवडून आल्या, याचे मूळ मला तरी याच सवयीत दिसते. जिने गावच्या देवळाच्या सभेत कधी हात वर केला नाही, तिला पक्षाच्या सभेत कोण उभी राहू देणार?

हे दुखणे फक्त हिंदूंचे आहे, असे कोणी समजू नये. सासष्टीतली माझी एक ख्रिस्ती मैत्रीण सांगते की तिच्या आजोबांच्या काळी फेस्ताच्या मिरवणुकीत कोणी तांबडा झगा घालायचा आणि कोणी निळा, हे जातीवर ठरे, आणि धर्म बदलून चार शतके उलटली तरी सोयरीक जुळवताना ती जात अजून विचारली जाते. आपल्याच दैनिकाच्या वधू-वर जाहिरातींवर एकदा नजर टाकली तर दोन्ही धर्मांचे लोक या बाबतीत किती जवळ आहेत ते ध्यानात येईल.

विधवांबद्दल थोडे लिहिले पाहिजे, कारण ते मी रोज पाहते. आमच्या वाड्यावरची एक मावशी चाळीस वर्षे देवीच्या जत्रेला येते. बायका देवीची ओटी भरतात तेव्हा ती सभामंडपाच्या तिसऱ्या खांबापाशी थांबते. तिला तिथे थांब असे कोणी सांगत नाही, आणि ती पुढे आली तर कोणी अडवेल असेही नाही. दोन वर्षांपूर्वी मी तिच्यासाठी अबोलीचा वळेसर नेला. तिने तो हातात घेतला, हुंगला, आणि पदराआड धरून परत माझ्या पिशवीत ठेवला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या प्रथा बंद केल्या, तेव्हा त्या गावाचे सर्वत्र कौतुक झाले. आपल्याकडच्याही काही ग्रामसभांनी तसे ठराव घेतले, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र मावशीचा खांब ग्रामपंचायतीच्या हद्दीत असला तरी तिथे शब्द चालतो तो देवस्थानच्या समितीचा, आणि त्या समितीला निवडून देण्यात एकाही बाईचे मत नसते.

या साऱ्याला उत्तर म्हणून मला नेहमी सांगितले जाते की घराण्याची रीत घराण्यावर सोडावी, सरकारने त्यात पडू नये. पण १९३३ ची नियमावली ही घराण्याची रीत नव्हे. ती सरकारनेच छापलेली आहे आणि सरकारचा मामलेदारच ती राबवतो. तेव्हा विधानसभेने ती उघडून महाजनाच्या व्याख्येत मुलीचा समावेश करणे हा कोणाच्या देव्हाऱ्यात हात घालण्याचा प्रकार होत नाही. कोमुनिदादीच्या संहितेचेही तसेच. हक्कत्यागाच्या बाबतीत तर नवा कायदाही नको. दस्त करण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने बाईशी नातेवाइकांना बाहेर ठेवून दहा मिनिटे बोलावे, तिच्या वाट्याची अंदाजे किंमत तिला मराठीत किंवा कोकणीत सांगावी, आणि लग्नाच्या नोंदणीसाठी जशी आपल्याकडे मध्ये काही दिवस सोडून दुसरी सही घेतात तशी याही दस्तासाठी घ्यावी. ज्या बाईला मनापासून भावाला द्यायचे आहे, ती दुसऱ्या दिवशीही देईल.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. फोंडा, डिचोली आणि सासष्टी या तालुक्यांतल्या देवस्थानांच्या आणि कोमुनिदादींच्या याद्या पाहून त्यांत स्त्रियांची नावे किती आहेत ते एकदा छापावे. बाकी चर्चा त्यावर होऊ द्यावी.

माझ्या भावाची एकुलती एक मुलगी गेल्या महिन्यात २२ वर्षांची झाली. ज्या घरावरचा हक्क आम्ही तिघींनी सोडला, ते घर पुढे तिचेच होणार आहे, पण त्या घराण्याच्या देवळात तिला मत नसेल, हे भावाला आता बोचू लागले आहे. तिचे नाव महाजनांच्या यादीत घ्यावे, असा अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिला असून त्याच्या सहीखाली मी आणि माझ्या दोघी बहिणींनी सह्या केल्या आहेत. थोरलीने या वेळी सही एकदाच केली. येत्या सोमवारी आम्ही तो समितीकडे आणि त्याची प्रत मामलेदारांकडे देणार आहोत. लेखी उत्तर मिळाले की ते आपल्याकडे प्रसिद्धीसाठी पाठवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा