लेझरचं कौतुक झालं, औषधाच्या रेणूचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

प्रकाशाने कॅन्सरवर उपचार, म्हणजे फोटोडायनॅमिक थेरपीवरचा तुमचा लेख वाचला. चांगला होता पण सगळं कौतुक लेझरचं, औषधाला जेमतेम दोन ओळी, त्यातही ते हरितद्रव्यासारखं असतं एवढंच. झालं, आमच्या ग्रुपवर लगेच क्लोरोफिलचे ड्रॉप्स घ्या म्हणून फॉरवर्ड सुरू!

अहो, लेझरच्या त्या लाल प्रकाशाने एकट्याने काही पेशी मरत नाहीत. पेशीत शिरलेला औषधाचा रेणू प्रकाश शोषतो, ती ऊर्जा ऑक्सिजनला देतो आणि तो चवताळलेला ऑक्सिजन आजूबाजूला जे सापडेल त्याची वाट लावतो, पण क्षणात विझतोही, म्हणून जिथे प्रकाश पडला तिथेच मार बसतो.

सांगाडा निसर्गाचाच आहे, मान्य. रक्तातलं हीम काय नि पानातलं हरितद्रव्य काय, चार नायट्रोजनवाल्या कड्याचीच भावंडं. पण हीममधलं लोह शोषलेली ऊर्जा वाया घालवतं, हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही आणि पोटातल्या ॲसिडमध्ये त्याचं मॅग्नेशियमच निघून जातं, मग ते ड्रॉप्स गाठीपर्यंत पोचून करणार काय? हीमपासून बनवलेलं फोटोफ्रिन हे या थेरपीचं औषध 1993 मध्ये कॅनडात मंजूर झालं, पण ते एक रेणू नाही, मिश्रण आहे, आणि 630 नॅनोमीटरचा लाल प्रकाश कमीच शोषतं. म्हणून केमिस्ट लोक कड्यातला एक डबल बाँड काढून क्लोरिन बनवतात (तो पाण्यात टाकायचा क्लोरीन वायू नव्हे), त्याने लाल प्रकाश कितीतरी जास्त शोषला जातो. पण हा पठ्ठ्या हवेत हळूहळू परत मूळपदावर जातो, मग त्याच जागी दोन मिथाइल गट बसवून त्याला कुलूप लावावं लागतं. अशा 15 पायऱ्या धरा, प्रत्येकीला 80 टक्के माल हाती आला तरी शेवटी उरतो साडेतीन टक्के!

आणि औषध शरीरातून लवकर बाहेरही पडायला हवं. 1912 मध्ये मायर-बेट्झ नावाच्या जर्मन डॉक्टरने 200 मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन (हीममधलं लोह काढून बनवलेला रेणू) स्वतःलाच टोचून घेतलं, उन्हात तोंड सुजलं आणि त्रास काही महिने पुरला. फोटोफ्रिन घेतलेल्यांना आजही किमान महिनाभर ऊन टाळावं लागतं, हे लेखात यायलाच हवं होतं.

पुढच्या वेळी डॉक्टरांसोबत एखाद्या सिंथेसिसवाल्या केमिस्टलाही बोलतं करा ही विनंती.

– तुमचा एक नियमित वाचक