गोठलेला हँडब्रेक आणि दोन अनोळखी माणसे

त्या पहाटे हँडब्रेक खाली केला, तरी मागचे चाक हलेना. आदल्या रात्री ओल्या रस्त्यावरून आल्यामुळे ब्रेकचे शू, म्हणजे चाक थांबवणाऱ्या वक्र पट्ट्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला गोठून चिकटले होते. मी उकळते पाणी ओतणार, तोच शेजारच्या गाडीतील दांपत्याने मला थांबवले, कारण तेच पाणी तिथे पुन्हा गोठले असते. बाईंनी माझ्याकडून गाडी हलकेच पुढे-मागे करवून घेतली. तेवढ्याने भागेना, तेव्हा इंजिन बंद करायला लावून गृहस्थांनी बर्फात गुडघे टेकले आणि लाकडी हातोडीने ड्रमवर बेताचे ठोके देत चाक मोकळे केले. निघताना बाईंनी स्वतःचे कोरडे हातमोजे मला दिले (माझे भिजलेले त्यांनी केव्हा पाहिले, कोण जाणे) आणि अशा थंडीत सपाट जागी हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावावा, असे बजावले. नावे विचारायची राहून गेली. त्या दोघांचे मनःपूर्वक आभार. हातमोजे अजून माझ्याकडेच आहेत.