मेडिकलवाल्या वहिनींना, गोळ्या दिल्या नाहीत म्हणून थँक्यू

वहिनी,

परवा कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन आले तर तुम्ही गल्ल्यातून पैसे काढून माझ्या हातात कोंबलेत, वर 'धंद्यात असं फुकट वाटायचं नसतं ताई' म्हणून लेक्चर पण दिलंत. दुकानात तेव्हा चार माणसं उभी, एक जण डायपरचा साइज विचारत होता, त्यात मी काय बोलणार. म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांसमोर. तुमच्या काउंटरवर येणाऱ्या माझ्या वयाच्या बऱ्याच जणी हे वाचतील म्हणून पण. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही, पण देवगडात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

गेल्या वर्षीचा मे महिना तुम्हाला माहीत नाही, तुम्ही मला जूनमध्ये बघितलंत. त्याच्या आधी वर्षभर माझ्या पाळीचा नुसता खेळ चाललेला, दोन-दोन महिने पत्ता नाही आणि आली की पंधरा-पंधरा दिवस जायचं नाव नाही, अंगातून वाफा निघायच्या, रात्री गाऊन घामाने भिजून तीन वाजता जाग यायची ती यायचीच, मग जेटीकडून बोटींच्या इंजिनांचे आवाज ऐकत पडून राहायचं उजाडेपर्यंत. आई म्हणाली पाळी जायला आली की असंच, जाऊबाई म्हणाल्या असंच, आणि खरं आहे, घाम आणि चिडचिड सगळ्याच जणी सांगतात. पण आपल्याला कोणाशी बोलावंसंच वाटत नाही, मुंबईहून लेकाचा फोन आला तरी तो कधी ठेवतोय असं होतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं मी आतून वाईट बाई झालेय.

सोलांचं, म्हणजे आमसुलांचं सांगते. दोन मोठ्या टोपल्या रातांबे (कोकमाची फळं) फोडलेले, सालं रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत रसात, असं चार दिवस झालेलं आणि खळ्यात सगळी पसरलेली, काळपट लाल, चांगली आकसत आलेली. दुपारी अचानक आभाळ भरून आलं. एरवी आमच्याकडे थेंब पडायच्या आत सगळं घर धावतं, तेव्हा घरात मी एकटीच. मी पडवीत बसलेली, प्लास्टिकचा कागद माझ्या पायाशी, आणि मी बघत राहिले. पाऊस आला, सोलांवरून लाल पाणी वाहत तुळशीपर्यंत गेलं, मी उठलेच नाही. आळस नव्हता तो. उठायचं हे कळत होतं पण उठणारी बाईच जागेवर नव्हती असं काहीतरी, मला अजून नीट सांगता येत नाही. हे घरी आले, खळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत आणि एकटेच सगळं भरायला लागले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, 'बाहेरचा काय तरी लागला असात, देवाक विचारूक होया.' एका दवाखान्यात गेले तर तिथे दोन मिनिटांत 'वय झालं की बायकांना होतंच, मन रमवा' आणि बी कॉम्प्लेक्सची स्ट्रिप. मन रमवा! जसं काही रमवायचं बटण असतं आणि मी मुद्दाम बंद करून ठेवलेलं.

मग ओळखीच्या एका काकूंनी त्यांची झोपेची गोळी दिली, अल्प्राझोलाम, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी सलग झोपले. काकूंच्या संपल्या तेव्हा रिकामी स्ट्रिप घेऊन तुमच्याकडे आले आणि म्हटलं अशा दोन द्या. तुम्ही स्ट्रिप उलटीपालटी करून बघितलीत आणि विचारलंत, चिठ्ठी? मी म्हटलं घरी राहिली. तुम्ही म्हणालात, 'ही एच वन मधली गोळी आहे ताई, चिठ्ठीशिवाय देता येत नाही, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरला लिहावं लागतं.' मला इतका राग आला. मी म्हटलं दुसरीकडे मिळते, न विचारता देतात. तुम्ही म्हणालात मिळत असेल, मी देणार नाही. आणि ड्रॉवर लावून टाकलात. तो ड्रॉवरचा आवाज मला अजून ऐकू येतो.

दुसरा कोणी असता तर विषय तिथेच संपला असता. तुम्ही फळी उचलून मला आत घेतलंत, सलाइनच्या खोक्यांशेजारच्या स्टुलावर बसवलंत, टेबलफॅन माझ्याकडे वळवलात (मी घामाने निथळत होते आणि तुम्ही काही न विचारता ओळखलंत) आणि पहिला प्रश्न केलात, शेवटची पाळी कधी आली. मग किती दिवस जाते, झोप कधीपासून नाही, जेवण जातं का. आणि मग त्याच आवाजात, जणू ॲसिडिटीचं विचारताय, 'मरावंसं वाटतं का हो ताई?'

वहिनी, तोपर्यंत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, झोपले आणि उठलेच नाही तर बरं, असं वाटतं. बोलले आणि आभाळ कोसळेल असं वाटलं, पण तुम्ही फक्त मान हलवलीत आणि बाहेर कोण क्रोसिन मागत होतं त्याला 'पाच मिनिटं थांबा' म्हणालात. त्या दोन स्ट्रिप मिळाल्या असत्या तर मी काय केलं असतं? झोपलेच असते, असं मला स्वतःला सांगायला आवडतं. खात्रीने नाही सांगू शकत.

तुम्ही तुमच्या मोबाइलवरून 14416 लावलात, टेली मानस, सरकारचा फुकट नंबर, चोवीस तास. मराठी निवडलंत, फोन माझ्या हातात दिलात आणि स्वतः पाठ करून गोळ्यांची खोकी लावत बसलात. मला तर वाटलेलं कोणीतरी बाई वाचून दाखवल्यासारखं बोलेल, तर ती मुलगी माझं हुंदके देणं सुद्धा ऐकत थांबली. तिनेच सांगितलं की डॉक्टरला दाखवाच, आणि घरच्या एकाला तरी आजच सांगा. घरच्या एकाला, म्हणजे यांना. संध्याकाळी मी यांना सांगितलं तर हे म्हणाले, सोलं भिजली त्या दिवशीच मला कळलं होतं काहीतरी आहे, विचारायचं कसं ते कळत नव्हतं.

ओरोसला, जिल्हा रुग्णालयात जायचं म्हटल्यावर सासूबाई घाबरल्या, त्यांना मानसिक म्हटलं की डायरेक्ट रत्नागिरीच दिसते, तिथलं मनोरुग्णालय. मग देवाला कौल लावला, न्यावं की नको. उजवा पडला! देवाचीच परवानगी, सासूबाई स्वतः डबा भरून आमच्या सोबत एसटीत बसल्या, माझं अर्धं तिकीट आणि त्यांचं पंचाहत्तरीमुळे फुकट, तेवढ्यावर पण खूश.

जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांनी नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं वगैरे. आणि एक विचारलं जे मी विसरूनच गेले होते, बाळंतपणानंतर असं कधी झालं होतं का. मुलीच्या वेळी मी तीन महिने रडत होते, तेव्हा सगळे म्हणालेले मुलगी झाली म्हणून रडते. डॉक्टर म्हणाले ज्यांना आधी असं होऊन गेलंय त्यांना या काळात परत व्हायची शक्यता जास्त असते, हॉर्मोन वरखाली होतात त्याचा मेंदूवर पण परिणाम होतो. पाळी सलग 12 महिने आली नाही की मेनोपॉज झाला म्हणायचं, मी अजून त्याच्या आधीच्या टप्प्यात, आणि मनाचे हाल जास्त या टप्प्यातच होतात म्हणे. रक्त तपासलं, थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन 8.2. एवढं रक्त गेल्यावर अंगात जोर राहणार कुठून. बायकांच्या विभागात सोनोग्राफी पण करून घेतली, काही वाईट निघालं नाही.

ती चिठ्ठी घेऊन मी तुमच्याकडेच आले. डिप्रेशनच्या गोळीची स्ट्रिप देताना तुम्ही जे सांगितलंत ते मी आता इतर बायकांना पाठ म्हणून दाखवते. पहिले आठ दिवस मळमळेल, घाबरून बंद करू नका. फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनाने सोडायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतील. लोहाची गोळी चहाबरोबर नको. आणि पहिले दोन महिने तुम्ही कात्रीने कापून आठवड्याच्याच गोळ्या दिल्यात, मी म्हटलं पूर्ण द्या हो, सारखं कोण येणार, तर म्हणालात 'या की, मला पण कंपनी.' मला वाटलं सहज बोललात. कात्री का ते खूप नंतर कळलं.

एक जोक सांगते. चौथ्या आठवड्यात एक दिवस सकाळी मला बांगड्याचं तिखलं खावंसं वाटलं. बस एवढंच. पण कित्येक महिन्यांनी काहीतरी हवंसं वाटलं होतं, मी स्वतः बंदरावर जाऊन बांगडे आणले आणि भाव करताना कोळणीशी भांडले. हे म्हणाले, आली गो बाय माझी परत.

सगळं एकदम छान झालंय असं नाही. वाफा अजून येतात, गणपतीत घर भरलेलं असताना दोन दिवस मी मागच्या खोलीत जाऊन झोपले, मोदकांच्या कळ्या जाऊबाईंनी पाडल्या. गोळी अजून चालू आहे, डॉक्टर म्हणतात बरं वाटायला लागल्यानंतर पण निदान सहा महिने घ्यायची असते. सासूबाईच रोज रात्री आठवण करतात, 'गोळी घेतलंस?'

काल वर्षाने परत रातांबे फोडले. आज दुपारी जरा ढग आले तर मी आणि सासूबाई दोघी कागद घेऊन खळ्यात धावलो, त्यांची चप्पल तुटली, पाऊस काही आलाच नाही. सोलं वाळली की पाव किलो तुमच्या काउंटरवर ठेवणार आहे, आणि गल्ल्याकडे हात गेला ना तुमचा, तर मी पण ड्रॉवर लावून टाकीन, सांगून ठेवते.

तुमची,
स्टुलावरची ताई