थायलंडला जाताय तर पायांकडे लक्ष असू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला थायलंडवरचा लेख वाचला. फोटो छानच होते, पण तिथल्या चालीरीतींची जी चौकट दिलीत ती मला खटकली, एका ओळीत एक गंमत असं सगळं, हे अजब ते अजब, आणि कशाचं कारण कुठेच नाही. माझी मुलगी नोकरीसाठी बँकॉकला असते, त्यामुळे माझं तिकडे राहणं होतं आणि आपल्याकडचे ग्रुप तिथे फिरताना दिसतात. खूपदा वाटतं की यांना निघण्याआधी कोणीतरी नीट बसवून सांगायला हवं होतं. २०२४ मध्ये २० लाखांहून जास्त भारतीय थायलंडला जाऊन आले, म्हणजे हा विषय काही चारदोन हौशी लोकांचा राहिलेला नाही.

सगळ्यात आधी डोकं आणि पाय. तिकडे शरीराला वरखाली असा क्रम आहे, डोकं सगळ्यात वर, पवित्र, आणि पाय सगळ्यात खाली. एवढं एक डोक्यात बसलं ना की निम्म्या गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. चुकून कोणाला पाय लागला तर आपण लगेच हात लावून नमस्कार करतो, तीच भावना तिथे रोजच्या प्रत्येक हालचालीत असते असं समजा. देवळात बसायचं तर पाय मागे दुमडून, तळवे बुद्धमूर्तीकडे येता कामा नयेत. पायाने बॅग सरकवायची नाही, पायाने दार लोटायचं नाही, पायाने वस्तू दाखवायची तर नाहीच नाही. नाणं घरंगळत गेलं तर त्यावर पाय ठेवून अडवू नका, त्यावर राजाचा चेहरा असतो. मोठी माणसं बसलेली असतील तर त्यांच्या समोरून जाताना लोक थोडं वाकून जातात. देवळाच्या उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडून जायचं. आणि लहान मुलाच्या डोक्यावर हात, हा आपल्याकडचा आशीर्वाद, तिथे मात्र तो हात आवरायचा. कोणी तोंडावर काही बोलणार नाही, हसतील फक्त, आणि त्या हसण्याचा अर्थ आपले लोक चालतंय असा काढतात.

चपलांचं सोपं आहे. देऊळ, घर आणि काही छोटे दवाखाने, दुकानं यांच्या दाराबाहेर चपला दिसल्या की आपल्याही तिथेच काढायच्या.

भिक्खूंबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण इथे गैरसमज फार होतो. बाईने भिक्खूला स्पर्श करायचा नाही, हातात थेट वस्तूही द्यायची नाही, ते समोर कापड पसरतात त्यावर ठेवायची किंवा त्यांच्या पात्रात घालायची. आपल्या बायकांना याचा राग येतो, मी ऐकलंय. पण हा नियम भिक्खूने स्वतःवर घेतलेला आहे, तो मोडला तर दोष त्याचा धरतात, बाईचा नाही. तिकडे बरेच तरुण आयुष्यात एकदा थोड्या काळासाठी भिक्खू होतात, आणि तेवढ्या काळात सख्ख्या आईनेही मुलाला हात लावायचा नसतो. तीच आई त्याला वाकून नमस्कार करते आणि तो उलटा नमस्कार करत नाही. हे कळल्यावर मला तरी त्यात अपमान वाटेनासा झाला. पहाटे भिक्खू अनवाणी भिक्षेला निघतात, दुपारी बारानंतर जेवत नाहीत, बस आणि ट्रेनमध्ये त्यांच्यासाठी राखीव जागा असतात. त्या भिक्षेच्या रांगेत मध्ये घुसून कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर धरणारे पर्यटक बघितले की मला खरंच वाईट वाटतं.

त्यांचा वाय म्हणजे हात जोडणं. आपल्याला वाटतं नमस्कारच की, पण त्यात लहानाने आधी करायचा असतो, आणि समोरचा जितका मोठा तितके हात वर जातात, भिक्खूंसाठी तर अंगठे भुवयांपर्यंत. हॉटेलातल्या मुलीने वाय केला तर हसून मान हलवली तरी पुरतं.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा. या दोन वेळांना स्टेशनांवर, बागांत राष्ट्रगीत वाजतं आणि माणसं असतील तिथे थांबतात. बँकॉकच्या लुम्पिनी पार्कमध्ये संध्याकाळी धावणाऱ्यांची गर्दी असते आणि सहाला ती सगळी जागच्या जागी उभी राहते, गाणं संपलं की पुन्हा पळायला लागते. ध्वज आणि राष्ट्रगीताला मान देण्याचे सरकारी हुकूम १९३९ पासूनचे, पिबून सोंगक्राम पंतप्रधान असतानाचे, त्याच वर्षी सयामचं नाव थायलंड झालं. सिनेमाआधी वाजतं ते वेगळं, राजाचं गीत. तिथे हल्ली बरीच तरुण मुलं बसून राहतात, पण तो त्यांचा त्यांच्या देशातला प्रश्न आहे, आपण पाहुणे, आपण उभं राहावं.

घरांपुढे, मॉलपुढे, अगदी पेट्रोल पंपावरसुद्धा खांबावर छोटंसं घर दिसेल, समोर फुलं आणि स्ट्रॉ घातलेली लाल फँटाची बाटली. ते त्या जागेच्या रक्षणकर्त्याचं घर आहे, शोभेची वस्तू समजून त्यावर पाण्याची बाटली टेकवू नका. बँकॉकच्या राचप्रसोंग चौकात १९५६ साली बांधलेलं एरावन देवस्थान आहे, तिथे चार तोंडांचा ब्रह्मदेव आहे. आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ शोधावं लागतं आणि तिथे भर चौकात ऑफिसला जाणारे लोक थांबून हात जोडतात, नवस फेडायला पैसे देऊन नर्तकींचा नाच करवतात. मला ती जागा फार आवडते.

जेवणाचं थोडक्यात. चमचा उजव्या हातात, काटा फक्त घास चमच्यावर ढकलायला, चॉपस्टिक्स बहुतेक नूडल्सपुरत्याच. मधल्या भांड्यातून एका वेळी एकच चमचा वाढून घ्यायचा, आपल्यासारखी ताटात सगळी भाजी एकदम नाही. नूडल्सवर साखर घालतात, घालू द्या, खाऊन बघा. पाकिटावर वर्ष २५६८ दिसलं तर घाबरू नका, बुद्ध संवत ५४३ वर्ष पुढे आहे, म्हणजे ते आपलं २०२५.

आणि आवाज. बाजारात घासाघीस करा, पण हसत. चिडून ओरडणाऱ्याशी तिथे कोणी भांडत नाही, त्याच्याशी बोलणंच थांबतं आणि मग काम काही होत नाही.

आता कायद्याचं, कारण इथे नुसतं वाईट दिसण्यावर भागत नाही. राजघराण्याचा अवमान केला तर कलम ११२ खाली एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्ष कैद आहे, आणि त्यात सोशल मीडियावरची पोस्टही येते. ई सिगारेटवर बंदी आहे, बॅगेत नेऊच नका. बुद्धमूर्ती देशाबाहेर आणायला तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते, आणि दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

तर विनंती अशी की पुढच्या वेळी चौकट न देता यावर पानभर जागा द्या, कारणांसकट. आणि टूर कंपन्या निघण्याआधी जी मीटिंग घेतात त्यात जेवण आणि शॉपिंगच्या आधी पंधरा मिनिटं या विषयाला द्यावीत, असं तुमच्या पेपरने त्यांना लिहावं. तुमचं ते ऐकतील.

आपली,
एक नियमित वाचक