शिल्पे, कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट घेतेयस तर आधी हे वाच

कासारवडवली, ठाणे
रविवार दुपार

प्रिय शिल्पे,

तुझा मेसेज वाचून फोनच करणार होते, पण फोनवर तू मधेमधे बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहूनच काढते. स्ट्रक्चर म्हणजे बिल्डिंगचं डिझाइन सोडून कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटला जाऊ का असं विचारलंयस. जा. पण तुझा दादा म्हणतोय ना, की मॅनेजमेंट केलं की उन्हात उभं राहावं लागत नाही, ते डोक्यातून काढून टाक. हेल्मेट, सेफ्टी शूज, घोडबंदर रोडची धूळ, सगळं तसंच राहतं, वर लॅपटॉप सांभाळायला येतो.

अभ्यासात काय असतं तर नेटवर्क म्हणजे कुठल्या कामानंतर कुठलं काम याची साखळी, इस्टिमेट, टेंडर, काँट्रॅक्ट, सेफ्टी, थोडं फायनान्स. ज्या कामांना उशीर झाला की अख्खं काम लांबतं त्यांची साखळी शोधायची ती पद्धत, क्रिटिकल पाथवालं सीपीएम, १९५७ च्या सुमाराला अमेरिकेत ड्यूपॉन्टने स्वतःच्या प्लांटच्या कामांसाठी बसवलं, आणि अजून आपण तेच करतो, फक्त प्रायमाव्हेरात करतो. पोरं ते सॉफ्टवेअर शिकतात आणि रेझ्युमेवर मोठ्या अक्षरात टाकतात. अगं प्रायमाव्हेरा महिना-दोन महिन्यांत हातात बसतं. कुठलं काम चार दिवस लांबलं तर चालतं आणि कुठलं एक दिवसही लांबून चालत नाही, हे कळायला साइटच लागते.

आमच्याकडे राफ्टची म्हणजे बिल्डिंगच्या अख्ख्या पायाची खोदाई चालू होती आणि मधेच जुनी केबल लागली, कुठल्याच ड्रॉइंगवर नव्हती. जेसीबी बंद, मुकादम वैतागलेला, मी आपली सगळ्यांना फोन लावतेय. आमच्या प्लॅनिंगच्या सरांनी काय केलं माहितीये, शांतपणे हिंडरन्स रजिस्टर काढलं. अडथळा काय, कुठल्या तारखेपासून, कुठलं काम अडलं, एवढं एका ओळीत लिहिलं आणि क्लायंटच्या इंजिनीअरकडे सहीला नेलं. तो म्हणे उद्या करतो. सर तिथेच खुर्ची ओढून बसले, चहा मागवला, सही घेऊनच उठले. मला तेव्हा वाटलं काय हा माणूस, इथे काम बंद आहे आणि याला रजिस्टरची पडलीय. मग केबल हलवायला आठवडे गेले, त्यात पाऊस सुरू झाला, त्याचीही वेगळी नोंद झाली. पण जे दिवस केबल आणि पाऊस दोन्हींमुळे गेले ते एकदाच मोजायचे असतात, आणि त्याच केबलपायी कंपाऊंड वॉल अडली होती तिचे मुदतवाढीचे दिवस तर काहीच मिळाले नाहीत कारण तिला फ्लोट, म्हणजे लांबली तरी चालेल अशी सवड, भरपूर होता. राफ्टचे मात्र मिळाले, कारण पुढची अख्खी बिल्डिंग त्याच्यावर. त्या एका पानावर मुदतवाढ मिळाली, नाहीतर उशिराचा दंड सरळ आरए बिलातून, म्हणजे कामाच्या चालू बिलातून कापला गेला असता.

तर मला विचारशील तर हा कोर्स म्हणजे हेच, वेळेचा आणि पैशाचा हिशोब सहीनिशी ठेवायला शिकणं. म्हणून सगळे ज्याला रटाळ म्हणतात तो काँट्रॅक्टचा पेपर तू मन लावून कर. फिडिक या इंजिनीअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या काँट्रॅक्ट कंडिशन्समध्ये क्लेमची नोटीस २८ दिवसांत द्यावी लागते, गेली वेळ तर गेला क्लेम. (काँक्रीटचा ठोकळा दाबून ताकद बघायची ती क्यूब टेस्टही २८ दिवसांची, आपल्या लोकांचं या आकड्याशी काय नातं आहे देव जाणे!)

आता नोकऱ्या. प्लॅनिंग, बिलिंग आणि क्वांटिटी सर्व्हे म्हणजे कामाची मापं काढणं, काँट्रॅक्ट्स, क्वालिटी, सेफ्टी, आणि पीएमसी म्हणजे मालकाच्या वतीने ठेकेदारावर लक्ष ठेवणाऱ्या कंपन्या. क्वांटिटी सर्व्हेवाल्यांना गल्फचीही वाट असते. सेफ्टीत जायचं तर इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा वेगळा करावा लागतो बहुतेक ठिकाणी. बिल्डरकडेही आता प्लॅनिंगच्या माणसाला किंमत आलीय ती रेरामुळे. २०१६ चा कायदा, महारेरा मे २०१७ पासून, त्यात ताब्याची तारीख जाहीर करायची, उशीर झाला तर व्याज द्यायचं, आणि गिऱ्हाइकाच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, ते काढायला इंजिनीअरचं सर्टिफिकेट. आणि आपल्या भागात कामाला तोटा नाही, अटल सेतू झाला, नवी मुंबईचा एअरपोर्ट झाला, बुलेट ट्रेनचा बोगदा शिळफाट्यापर्यंत येतोय, माझ्या खिडकीसमोर मेट्रो ४ आहेच. बेलापूर-पेंधर मेट्रो आठव, जेमतेम ११ किमी, काम २०११ ला सुरू आणि गाडी धावली नोव्हेंबर २०२३ ला. एवढ्या वर्षांत किती पत्रव्यवहार झाला असेल विचार कर, तो सगळा कोणीतरी बसून लिहिलेला असतो ना.

पोरींचं वेगळं सांगते, कारण कॉलेजात कोणी सांगणार नाही. इंटरव्ह्यूत बिनधास्त विचार, साइटवर बायकांचं टॉयलेट आहे का आणि रात्रीच्या स्लॅबनंतर घरी सोडायला गाडी आहे का. दिवसा ट्रॅफिकमध्ये मिक्सर माजिवड्याला अडकला की काँक्रीटचा स्लम्प म्हणजे पातळपणा जातो आणि मिक्सर परत पाठवायची वेळ येते, म्हणून मोठे स्लॅब रात्रीच सुरू होतात, पंपवाला, सेंट्रिंगवाले आणि आपण. मिस्त्री आधी "मॅडम तुम्ही केबिनमध्ये बसा" म्हणतात, एकदा त्यांच्या सळईच्या मापात चूक काढलीस की मग स्वतःहून हाक मारतात.

कॉलेजचं म्हणशील तर गेटची परीक्षा चांगली गेली तर माटुंग्याचं व्हीजेटीआय बघ, एमटेक आहे, आणि गेटवाल्यांना महिना १२,४०० स्टायपेंड असतो. बालेवाडीचं निकमार १९८३ पासूनचं, याच विषयाचं, आता युनिव्हर्सिटी झालंय, तिथली फी बघून मग काकांशी बोल. मात्र कुठेही गेलीस तरी आधी वर्षभर साइटवर काढ असं माझं स्पष्ट मत आहे. शटरिंग, म्हणजे ओल्या काँक्रीटला खालून आधार देणारा साचा, न बघता शेड्यूल करणारी पोरं स्लॅब भरल्याच्या दुसऱ्या दिवशी प्लास्टर लावतात कागदावर, आणि फोरमन तो कागद अख्ख्या साइटला दाखवून हसतो.

पुढच्या शनिवारी आमचा पोडियमचा स्लॅब आहे, सरांना विचारून ठेवलंय, बघायला येऊ शकतेस. बंद शूज घालून ये, मागच्या वेळेसारखी चप्पल नको, गेटवर अडवतील. आणि गेट परीक्षेच्या फॉर्मची तारीख आजच बघ, तुझं नेहमी शेवटच्या दिवशी सर्व्हर बंद पडतं.

तुझीच,
मनी