पोट्ट्यांना मशीनला हात तर लावू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात पॉलिमर शिकवते. तेलाच्या काही पाऊचमध्ये पॉलिइथिलीन आणि नायलॉनचे थर असतात, डोळ्याला एकच प्लास्टिक दिसतं, पण इन्फ्रारेड इमेजिंग मायक्रोस्कोपखाली आडवा काप ठेवला की प्रत्येक पिक्सेलचा वेगळा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणता प्रकाश किती शोषला त्याचा आलेख, मिळतो, नायलॉन १६४० वेव्हनंबरच्या (एका सेंटीमीटरात किती लहरी, तो आकडा) आसपास ओळखू येतं, पॉलिइथिलीन २९०० जवळ, कोणता थर किती जाड तेही दिसतं. हे पुस्तकातून समजतच नाही हो! आमच्याकडे विद्यार्थ्यांनी सॅम्पल द्यायचं अन् रिपोर्ट घेऊन जायचा, एवढंच. मशीनच्या डिटेक्टरमध्ये, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागात, तो थंड ठेवायला उणे १९६ डिग्रीचा लिक्विड नायट्रोजन भरताना पोट्ट्यांनी कधी पाहिलंच नाही. मशीन महाग आहे, मान्य, पण आठवड्यातला एक दिवस तरी विद्यार्थ्यांसाठी ठेवा ना, सोबत शिकवणारा ऑपरेटर द्या.

– एक प्राध्यापिका, नागपूर