मृणालला पत्र: क्रीम, गहू आणि चेहरा

पुणे

प्रिय मृणाल,

सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून आधी तुला फोनच लावणार होते, पण हे सगळं बोलण्यात विसरायला होतं, म्हणून लिहूनच पाठवते. सिलिअ‍ॅकचं, म्हणजे गहू, जव, राय यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतडं बिघडतं त्या दुखण्याचं, निदान झाल्यावर पोळी, रवा, शेवया बंद करणं बरोबरच आहे. पण चेहऱ्याचं क्रीमही ‘ग्लूटेन फ्री’ मिळालं नाही तर काहीच लावायचं नाही, हा हट्ट सोड बाई.

तुझ्या दुखण्यात ग्लूटेन पोटात गेलं तरच आतड्याला त्रास होतो. धडधाकट कातडीतून ते आत जात नाही. ओठांना लावलेलं मात्र हमखास पोटात जातं. म्हणून लिपबाम, लिपस्टिक आणि हाताचं क्रीम हे तीन आधी तपास. हाताला क्रीम चोपडून भाकरी थापायला बसतेस, विसरलीस का? चेहऱ्याच्या क्रीमचा नंबर त्यानंतर, आणि तोही तोंडाच्या आसपास लागतं म्हणून.

गव्हाची अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट, तिची गल्लत करू नकोस. जपानमध्ये ‘चा नो शिझुकू’ नावाचा तोंड धुवायचा साबण होता. त्यात गव्हाचं हायड्रोलाइज्ड, म्हणजे बारीक तुकड्यांत मोडलेलं प्रथिन घातलेलं. रोज तो फेस डोळ्यानाकाला लागून लागून २,०००हून जास्त लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी जडली. पुढे गव्हाचं काही खाल्लं की पापण्या सुजायच्या, अंगावर गांधी उठायच्या, काहींची तर शुद्ध जायची. २०११ मध्ये तो साबण परत मागवला. त्यामुळे तुझ्या लेकीसारखी खरखरीत, भेगाळलेली, इसबाची कातडी असेल तर गव्हाचं प्रथिन असलेलं क्रीम मी तरी देणार नाही, सिलिअ‍ॅक असो वा नसो.

आता डबी उलटी कर. अक्षरं मुंगीएवढी असतात, मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाच. मागच्या यादीत धान्यांची शास्त्रीय नावं असतात: ट्रिटिकम व्हल्गेअर म्हणजे गहू, होर्डियम व्हल्गेअर म्हणजे जव, सेकॅले म्हणजे राय नावाचं धान्य. अव्हेना सटायव्हा म्हणजे ओट. ते स्वतः गव्हातलं नव्हे, पण शेतात आणि गिरणीत गव्हाशी सरमिसळ होते. समोरच्या ‘ग्लूटेन फ्री’वर भाळून दुप्पट पैसे देऊ नकोस. तसं लिहिलेल्या खाण्याच्या पाकिटाला किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेनची मर्यादा आहे, आपल्याकडे क्रीमला तशी काही नाही. मागची यादीच खरी.

आणि तुम्ही तिघी एकच डबी वापरता, हे काही पटलं नाही. सासूबाईंची कातडी कोरडी, सुरकुतलेली. त्यांना सिरॅमाइड (कातडीत ओल धरून ठेवणारा स्निग्ध घटक) किंवा शिया बटर असलेलं घट्ट क्रीम दे, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं. नाशिकच्या थंडीत वरून साधी पेट्रोलियम जेली चालेल. तिचा धान्याशी संबंधच नाही आणि किंमतही किरकोळ. तुझं नाक-कपाळ तेलकट आणि गाल ओढलेले, म्हणजे मिश्र कातडी. तुला पातळ लोशन पुरे, गालांवर एक हात जास्त फिरव.

लेकीला भेगा हाताला आणि पुटकुळ्या चेहऱ्यावर, तेव्हा तिची निवड जरा जपून. चेहऱ्याला जेलसारखं हलकं, ग्लिसरीन, हायल्युरॉनिक अ‍ॅसिड किंवा नायसिनमाइड असलेलं. ‘तेलकट चेहऱ्याला कशाला आणखी क्रीम’ असं आजी म्हणणारच, तू लक्ष देऊ नकोस. खोबरेल तेल मात्र तिच्या चेहऱ्याला नको, छिद्रं बुजतात. हाताला सुगंध नसलेलं घट्ट क्रीम घे. सुगंधाने बिघडलेली कातडी ग्लूटेनने बिघडलेल्या कातडीपेक्षा मला दुकानात कितीतरी जास्त दिसते. कुठलंही नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघा, मगच चेहऱ्याला.

दिवाळीचं उटणं घरीच करतेस ना? बेसन, मसूर, हळद, आंबेहळद, सगळं चालेल. कुणी कणीक घालायला सांगितली तर ऐकू नकोस. आणि हो, क्रीमची एवढी झडती घेतेस, तर फोडणीतला हिंगही बघ. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, आणि तो तर रोज सरळ पोटात जातो! तांदळाच्या पिठात बांधलेला मिळतो, तो आण.

लिपबामच्या मागच्या यादीचा फोटो पाठव, मी बघून सांगते. काकूंना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझीच,
नंदा